एक लाख प्रेक्षक आणि दहा गुण: मिशिगनसमोर ओहायो स्टेटचे आक्रमण का अडले

३० नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील कोलंबस शहरातील ओहायो स्टेडियमवर यजमान ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ मिशिगनकडून १३–१० असा हरला. ओहायो स्टेट तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर होता आणि त्याने अकरापैकी दहा सामने जिंकले होते, तर मिशिगनचा संघ सहा विजय आणि पाच पराभव अशा अवस्थेत, क्रमवारीबाहेर होता. सट्टेबाजांनी यजमानांना सुमारे वीस गुणांनी वरचढ धरले होते. मिशिगनकडून ओहायो स्टेटचा हा सलग चौथा पराभव होता, आणि आधीच्या तीन पराभवांपेक्षा तो अधिक जिव्हारी लागला, कारण या वेळी मिशिगनचा संघ उघडपणे दुबळा होता आणि यजमानांचा बचाव जवळजवळ निर्दोष खेळला होता. त्यामुळे या प्रकरणात तपासण्याजोगा प्रश्न एकच उरतो. देशातील सर्वांत गुणवान समजले जाणारे आक्रमण आपल्याच मैदानावर साठ मिनिटांत केवळ दहा गुणांवर का थांबले?

ज्यांना अमेरिकन फुटबॉलची फारशी सवय नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये आवश्यक आहेत. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे चार ‘डाउन’मध्ये, दहा यार्ड पुढे जावे लागते, आणि तेवढे अंतर कापले तर चार प्रयत्न नव्याने मिळतात. पुढे सरकण्याचे मार्ग दोन आहेत. क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू रनिंग बॅकच्या हाती देऊन त्याला गर्दीतून धावायला लावायचे, किंवा पुढे धावणाऱ्या रिसीव्हरकडे तो फेकायचा. पहिल्या प्रयत्नात दोनच यार्ड मिळाले की उरलेले आठ यार्ड डोक्यावर बसतात आणि तिसऱ्या प्रयत्नापर्यंत बचाव करणाऱ्यांना पुढे काय येणार याचा अंदाज येतो. या सामन्याची गोष्ट बरीचशी या साध्या हिशोबात आहे.

आकडे काय सांगतात

ओहायो स्टेटने एकूण २५२ यार्ड मिळवले. त्यांपैकी १७५ यार्ड फेकीवर आले आणि ७७ धावण्यावर. धावण्याचे प्रयत्न २६ होते, म्हणजे दर प्रयत्नाला तीन यार्डांहूनही किंचित कमी. ट्रेव्हियॉन हेंडरसनला दहा वेळा चेंडू दिला गेला आणि त्याला २१ यार्ड मिळाले. क्विन्शॉन जडकिन्सला बारा वेळा दिला गेला आणि त्याला ४६ मिळाले. हे दोघेही त्या वर्षीच्या महाविद्यालयीन फुटबॉलमधील नामवंत धावपटू होते, त्यामुळे दोष केवळ त्यांच्या पायांत शोधता येत नाही. क्वार्टरबॅक विल हॉवर्डने ३३ फेकी केल्या, १९ यशस्वी झाल्या आणि दोन प्रतिस्पर्ध्यांनी पळवल्या. दर फेकीमागे यार्ड काढले तर ते ५.३ येतात. हॉवर्डकडे जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका आणि कार्नेल टेट असे तीन रिसीव्हर होते. असे त्रिकूट हाताशी असताना ५.३ हा आकडा सांगतो की चेंडू लांब जात नव्हता.

मिशिगनचे आकडे याहूनही वाईट आहेत. त्यांना एकूण २३४ यार्ड मिळाले आणि त्यांत फेकीचे यार्ड केवळ ६२ होते. त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन यानेही दोन फेकी गमावल्या, आणि त्यांपैकी एक जॅक सॉयरने गोलरेषेपाशी टिपून मिशिगनचे हक्काचे गुण रोखले. मिशिगनचा एकमेव टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, हॉवर्डच्या चुकीतून आला. आमीर हॉलने ओहायो स्टेटच्या हद्दीत खोलवर फेक पळवली आणि चेंडू थेट दोन यार्डांच्या रेषेपर्यंत आणला, तिथून कलेल मलिंग्जने तो आत नेला. बाकीचे सहा गुण डॉमिनिक झ्वाडाच्या दोन फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून टोलवून मिळवलेले, होते, एक तब्बल ५४ यार्डांवरून आणि दुसरा, सामना संपायला ४५ सेकंद असताना, २१ यार्डांवरून. ज्या बचावाने प्रतिस्पर्ध्याला खऱ्या अर्थाने सहाच गुण दिले, त्या बचावाचा संघ हरला.

किकर जेडन फील्डिंगचे ३८ आणि ३४ यार्डांवरचे दोन फील्ड गोल हुकले. ते सहा गुण मिळाले असते तर निकाल फिरू शकला असता, हे मान्य करायला हवे. पण म्हणून फील्डिंगवर सगळे खापर फोडणे मला पटत नाही. एवढे बळ असलेल्या आक्रमणाने वीस गुणांनी मागे धरलेल्या संघाविरुद्ध किकरच्या पायावर सामना सोपवावा लागावा, इथेच खरी गोम आहे.

फळीच्या मध्यभागी पडलेले खिंडार

या पराभवाचे मूळ शोधायला ऑक्टोबरपर्यंत मागे जावे लागते. १२ ऑक्टोबरला ऑरेगॉनविरुद्धच्या सामन्यात, जो ओहायो स्टेटने ३२–३१ असा गमावला, क्वार्टरबॅकसमोर उभे राहून बचावपटूंना अडवणाऱ्या पाच जणांच्या फळीतला डाव्या टोकाचा खेळाडू, म्हणजे टॅकल, जॉश सिमन्स जखमी होऊन मोसमाबाहेर गेला. त्याची जागा घेणारा खेळाडूही नेब्रास्काविरुद्ध जखमी झाला. त्या सामन्यात ओहायो स्टेटला धावण्यावर केवळ ६४ यार्ड मिळाले आणि २१–१७ असा निसटता विजय पदरात पडला. यावर उपाय म्हणून टॅकलच्या शेजारी खेळणाऱ्या डोनोव्हन जॅक्सन या गार्डला टॅकलच्या जागी हलवण्यात आले आणि त्याची मोकळी झालेली जागा कार्सन हिन्झमनने घेतली. मग नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, इंडियानाविरुद्धच्या सामन्याआधी सरावात सेंटर सेथ मॅकलॉफ्लिनच्या टाचेची शीर तुटली. हिन्झमन आता सेंटरवर आला आणि गार्डच्या जागी पुन्हा नवे माणूस आले. पाच जणांच्या फळीत डावीकडची दोन्ही माणसे आणि मधला माणूस अशा तीन जागा दीड महिन्यात बदलल्या होत्या.

सेंटर बदलण्याचा अर्थ काय, हे एका खेळीच्या अंतरावरून पाहिले तरच नीट कळते. सेंटर वाकून चेंडूवर हात ठेवतो, आणि त्याच्या कपाळापासून हातभर अंतरावर बचावाचा सर्वांत जड माणूस तितकाच वाकलेला असतो. सेंटरला एका हाताने चेंडू पायांमधून चार-पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे नेमका सोडायचा असतो आणि त्याच क्षणी दोन्ही हात वर आणून समोरच्या देहाचा पहिला धक्का झेलायचा असतो. त्याआधी समोरची मांडणी पाहून कोणी कोणाला अडवायचे हे शेजारच्या गार्डांना सांगण्याचे कामही त्याचेच. गार्डशी मिळून समोरच्याला ढकलायचे आणि योग्य क्षणी त्याला सोडून मागे उभ्या असलेल्या बचावपटूवर, म्हणजे लाइनबॅकरवर, जायचे, ही दोन माणसांची जुळणी शेकडो वेळा एकत्र सराव करून बसते. ती अर्धा क्षण जरी चुकली तरी धावपटूला हातात चेंडू मिळेपर्यंत समोरची फट बुजलेली असते.

मिशिगनच्या बाजूला नेमक्या याच जागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे होते. दोघेही दीडशे किलोच्या आसपासचे, तरीही पायांनी चपळ. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत ग्रॅहम पाचव्या आणि ग्रँट तेराव्या क्रमांकावर निवडला गेला, यावरून त्यांच्या दर्जाची कल्पना यावी. म्हणजे यजमानांची सर्वांत नवखी, सर्वांत कमी एकत्र खेळलेली जागा आणि पाहुण्यांची सर्वांत बळकट जागा मैदानावर एकमेकांसमोर आली होती. उलटपक्षी मिशिगनचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरांना अडवणारा बचावपटू, विल जॉन्सन दुखापतीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर होता, आणि ज्या तीन रिसीव्हरांचा उल्लेख वर केला त्यांच्यासमोर त्याची उणीव मिशिगनला सर्वाधिक भासायला हवी होती. कागदावर उत्तर इतके स्पष्ट होते, आणि तरीही चेंडू पुन्हा पुन्हा मध्यभागी, त्या दोघांच्या दिशेने, दिला गेला.

चुकीचा धडा देणारे दोन विजय

प्रशिक्षकांना हे दिसत नव्हते असे म्हणणे बालिशपणाचे होईल. मुख्य प्रशिक्षक रायन डे आणि आक्रमणाची आखणी करणारे चिप केली हे दोघेही या खेळाचे जाणते अभ्यासक आहेत. डे न्यू हॅम्पशायर विद्यापीठात क्वार्टरबॅक होते तेव्हा तिथले आक्रमण केलीच सांभाळत, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत यूसीएलएचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून केली आपल्या जुन्या शिष्याच्या हाताखाली काम करायला आले. अशा जोडीने फळीची दुर्बलता ओळखली नसेल हे संभवत नाही. माझ्या मते त्यांचा अंदाज दोन विजयांमुळे चुकला.

पहिला विजय २ नोव्हेंबरचा, पेन स्टेटविरुद्ध त्यांच्याच मैदानावर २०–१३ असा मिळवलेला. त्या सामन्यातील शेवटची पाच मिनिटे ओहायो स्टेटने चेंडू एकदाही न फेकता, सलग अकरा वेळा धावून, खाऊन टाकली आणि पेन स्टेटला चेंडू परत मिळूच दिला नाही. जखमी फळीने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अंगणात असे मागे रेटलेले पाहिल्यावर कोणत्याही प्रशिक्षकाची छाती फुगेल. पण त्या दिवशी मधोमध मॅकलॉफ्लिन होता. जो विश्वास त्या अकरा खेळींनी कमावला, तो कमावणारा सेंटर चार आठवड्यांनी मैदानावर नव्हता.

दुसरा विजय मिशिगनच्या सामन्याच्या आदल्याच आठवड्यातला, इंडियानाविरुद्धचा ३८–१५. नवी फळी घेऊन पाचव्या क्रमांकाच्या संघाला एवढ्या फरकाने हरवले म्हणजे सगळे आलबेल आहे असे वाटणे साहजिक होते. मात्र त्या सामन्यात केलेब डाउन्सने पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर टोलवलेला चेंडू, पकडून ७९ यार्ड परत धावत एक टचडाउन दिला होता आणि इंडियानाच्या पंटरच्या हातून निसटलेल्या चेंडूमुळे आणखी एक संधी गोलरेषेजवळ मिळाली होती. गुणफलकाने फळीचे दुखणे झाकले.

याच्या जोडीला एक भावनिक ओझेही होते, आणि ते मला या प्रकरणात दुय्यम वाटत नाही. २०२१ मध्ये मिशिगनने ओहायो स्टेटला ४२–२७ असे हरवले तेव्हा धावण्यावर २९७ यार्ड मिळवले होते, आणि २०२२ मध्ये कोलंबसमध्येच ४५–२३ असे हरवताना २५२. तेव्हापासून डे यांच्या संघावर ‘नाजूक’ असल्याचा शिक्का बसला. तो पुसण्याची त्यांची धडपड किती तीव्र होती हे सप्टेंबर २०२३ मध्ये नोत्र दामवरच्या विजयानंतर दिसले. सामना संपताच दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी, आपल्या संघाच्या कणखरपणावर शंका घेणारे ज्येष्ठ माजी प्रशिक्षक लू होल्ट्झ यांना संतापून जाहीर उत्तर दिले होते. ज्या माणसाच्या मनात हे सलत असते, त्याला मिशिगनला मिशिगनच्याच पद्धतीने, अंगावर धावून जाऊन, हरवण्याचा मोह होणे अगदी मानवी आहे. हा हेतू सिद्ध करता येत नाही. पण पहिल्या प्रयत्नात गार्ड आणि सेंटरच्या मधून धाव, दोन यार्ड, आणि पुढच्या संधीला पुन्हा तीच खेळी, हा क्रम पाहिला की दुसरे सुसंगत स्पष्टीकरण मला सापडत नाही.

बचावाने मुद्दाम उघडे ठेवलेले दार

प्रशिक्षकांच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो टाळून हे प्रकरण पूर्ण होत नाही. मिशिगनच्या बचावाचे सूत्रधार विंक मार्टिनडेल यांनी ढोबळमानाने केलेली मांडणी अशी दिसते की सर्वांत मागचे बचावपटू, म्हणजे सेफ्टी, खोलवर उभे ठेवायचे, स्मिथच्या डोक्यावरून लांब फेक जाऊ द्यायची नाही, आणि पुढच्या भागात तुलनेने कमी माणसांनिशी धाव अडवायची. समोर माणसे कमी असतील तर धावावे, हा या खेळातला पाठ्यपुस्तकी नियम आहे. डे आणि केली यांनी बचाव जे देत होता तेच घेतले, असे म्हणता येते. एकूण खेळींचा हिशोबही त्यांच्या बाजूने आहे, कारण २६ धावांसमोर ३३ फेकी होत्या. धावण्याचा अतिरेक झाला, हा सरसकट आरोप आकड्यांत टिकत नाही.

तरीही हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. बचाव एखादी गोष्ट देतो तेव्हा ती आपल्याला घेता येते का, हे आधी पाहावे लागते. ग्रॅहम आणि ग्रँट यांच्यामुळे मिशिगनला सहा माणसांत आठांचे काम करून घेता येत होते, म्हणून तर मार्टिनडेल यांनी ते दार उघडे ठेवले. पहिल्या दोन-तीन वेळा दाराशी अडखळल्यावर ते आमिष आहे हे ओळखून दुसरी वाट धरायची असते, आणि वाटा बऱ्याच होत्या. मध्यभाग टाळून कडेने धावता आले असते. क्वार्टरबॅकने चेंडू झटकन बाजूला फेकून हेंडरसनसारख्या वेगवान माणसाला मोकळ्या जागेत आणणारी स्क्रीन ही खेळी हाताशी होती, जिच्यात ग्रॅहम आणि ग्रँटचे वजन निरुपयोगी ठरते, कारण चेंडू त्यांच्या मागे निघून गेलेला असतो. धावण्याचा आव आणून फेकता आले असते. आणि यांपैकी काहीही नको असेल तर एका कॉर्नरबॅकसमोर एकटा उभा असलेल्या स्मिथकडे चेंडू उंच टाकून तो कोण पकडतो हे पाहता आले असते. स्मिथने पाच झेलांत ३५ यार्ड मिळवले. मध्यंतराआधी दहा यार्डांवरून त्याने घेतलेल्या झेलाने संघाला १०–१० अशी बरोबरी मिळवून दिली, आणि त्यानंतर ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही.

हॉवर्डचा वाटाही सांगायला हवा. आमीर हॉलने पळवलेली फेक करण्याची ती जागा नव्हती आणि ती वेळही नव्हती, आणि पुढे मकारी पेजने पळवलेल्या दुसऱ्या फेकीने आणखी एक चढाई वाया गेली. हे निर्णय त्याचे होते. परंतु तिसऱ्या प्रयत्नात आठ-नऊ यार्ड हवे असताना, समोरच्या सगळ्यांना फेक येणार हे ठाऊक असताना फेकावी लागणारी चेंडूफेक आणि पहिल्या प्रयत्नात, धाव येईल असे सगळ्यांना वाटत असताना केलेली फेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी त्याच्या वाट्याला पहिला प्रकार फार वेळा आला.

मिशिगनची बाजू या तुलनेत बोलकी आहे. मलिंग्जने ३२ वेळा चेंडू नेऊन ११६ यार्ड मिळवले, म्हणजे दर वेळी साडेतीनच्या थोडे वर. शेवटच्या निर्णायक चढाईत तिसऱ्या प्रयत्नात त्याने काढलेली २७ यार्डांची धाव सोडली तर त्यातही नेत्रदीपक असे काही नव्हते. प्रशिक्षक शेरोन मूर यांच्या संघाला फेकीचा भरवसाच नव्हता, त्यांचा सर्वोत्तम झेल घेणारा कॉल्स्टन लव्हलँडही त्या दिवशी खेळत नव्हता, म्हणून ते धावत राहिले. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. ओहायो स्टेटकडे होता.

सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्यावरून जी धुमश्चक्री झाली आणि पोलिसांना तिखट फवारा वापरावा लागला, ती देशभर गाजली. खेळाच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नाही. डे यांना काढून टाका ही मागणी मात्र त्या रात्रीपासून गंभीरपणे होऊ लागली, कारण मिशिगनविरुद्ध त्यांचा हिशोब आता एक विजय आणि चार पराभव असा झाला होता.

तीन आठवड्यांनंतर, त्याच मैदानावर

साधारणपणे अशा विश्लेषणाला प्रतिपरीक्षा मिळत नाही. या प्रकरणात ती मिळाली, कारण त्या वर्षीपासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत बारा संघ घेतले जाऊ लागले आणि दोन पराभव होऊनही ओहायो स्टेटला आठवे मानांकन मिळाले. २१ डिसेंबरला तोच संघ, तीच जखमी फळी, तोच क्वार्टरबॅक घेऊन त्याच स्टेडियमवर टेनेसीविरुद्ध उतरला. पहिल्याच चढाईत स्मिथने ३७ यार्डांवरून टचडाउन केला, पहिल्या पंधरा मिनिटांत २१–० अशी आघाडी झाली आणि सामना ४२–१७ असा संपला. हॉवर्डने २९ पैकी २४ फेकी यशस्वी करून ३११ यार्ड मिळवले. नववर्षदिनी रोझ बोल या बाद फेरीतील सामन्यात अव्वल मानांकित ऑरेगॉनविरुद्ध एका टप्प्यावर ३४–० अशी आघाडी होती. स्मिथने एकट्याने १८७ यार्ड मिळवले आणि हॉवर्डच्या दर फेकीमागचे यार्ड बाराच्या पुढे गेले. बचाव मागे खेचला गेल्यावर हेंडरसनलाही वाट मोकळी झाली आणि त्याने ६६ यार्ड धावून टचडाउन केला. कोलंबसमध्ये दोन यार्डांसाठी झगडणारा हा तोच धावपटू होता.

टेक्ससने उपांत्य सामन्यात स्मिथला एका झेलावर, तीन यार्डांवर रोखून दाखवले, तेव्हा मिशिगनची युक्ती इतरांनाही जमण्यासारखी होती हे खरे. फरक असा की या वेळी ओहायो स्टेटने मध्यभागी डोके आपटले नाही. मध्यंतराच्या तोंडावर हेंडरसनला स्क्रीन फेक दिली गेली आणि त्याने ७५ यार्डांवर जाऊन गुण केले.

२० जानेवारी २०२५ रोजी अटलांटामध्ये अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध ३१–२३ अशी आघाडी होती आणि तीन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. तिसरा प्रयत्न होता आणि अकरा यार्ड हवे होते. अशा वेळी सावध संघ धावतो, घड्याळ पुढे सरकू देतो आणि चेंडू लाथेने दूर टोलवून देतो. ओहायो स्टेटने फेक केली. स्मिथ उजव्या कडेने एका बचावपटूला मागे टाकत धावला, हॉवर्डने चेंडू उंच टाकला आणि ५६ यार्ड मिळाले. काही क्षणांनी फील्डिंगने ३३ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि गुणफलक ३४–२३ वर गेला.